देव्हाऱ्यातली भिंगं

चंद्राला पिल्लं झाली, असं मी म्हणाले तेव्हा अंगणातले सगळे हसले. पुनवेची संध्याकाळ होती. जेवणं उरकून आम्ही बाहेर बसलो होतो आणि माझी लेक बानू मांडीवर पेंगत होती.

"शेळीगत दोन का मेंढीगत एकच?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

"मोजता येत न्हाईत," मी म्हणाले. "एकावर एक चढल्याली हायती. आन् खाली शेपटं लोंबत्यात."

मग कोणी हसलं नाही. मालकांनी चंद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

हे पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीचं. तेव्हा बानू नुकती चालायला लागली होती, आता ती शाळेत जाते. मी हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. केंदूरच्या शाळेत माझी चौथी झाली आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन मी राहू गावात आले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, कागदावर मात्र थोडं सुचतं. हा डोळ्यांचा आजार घराण्यात उतरू शकतो, असं डॉक्टर म्हणतात. माझ्या माघारी आमच्यातल्या कोणाला तो झाला तर हे कागद असावेत.

*

चंद्राच्या आधीच आजार सुरू झाला होता, पण आम्हाला तो आजार वाटला नाही. भातात खडे येऊ लागले. मी तांदूळ निवडायची, तरी यायचे. एकदा मालकांच्या दाढेचा टवका उडाला. ते काही बोलले नाहीत, पण आत्याबाई बोलल्या, "केंदूरला दिवं न्हवतं का गं? अंधारातच वाढलीस जनू."

मी सूप उन्हात नेऊन निवडू लागले. उन्हात डोळ्यांना पाणी यायचं आणि प्रत्येक दाण्याला सावलीसारखा दुसरा दाणा दिसायचा. खरा कुठला ते बोटांनी चाचपून बघायची. पुढे पुढे माणसंही मी चालीवरून ओळखू लागले. समोरून मालक आले की त्यांच्या खांद्यावरच्या घोंगडीवरून कळायचं. बानू मात्र अंगाला बिलगली की वासानेच कळायची.

उपाय घरचेच झाले. मेंढीचं दूध डोळ्यांत घातलं. कोणी सांगितलं म्हणून तूप चोळलं. एका देवऋष्याने दृष्ट काढली. यातल्या कशाने अपाय झाला असं नाही, पण गुण आला नाही. मी रात्रंदिवस एकच विचार करायची. बानूचा चेहरा मला अजून नीट दिसलाच नाही, आणि आता तो दिसणार नाही.

*

शिरूरच्या बाजूला मिशनच्या जुन्या आवारात तेव्हा डोळ्यांचा दवाखाना चालायचा. आम्ही बैलगाडीने नदीपर्यंत गेलो, नावेतून पलीकडे उतरलो आणि पुढे न्हावऱ्याहून एसटी धरली. दवाखान्यातले डॉक्टर विलायतेत शिकून आलेले होते, पण मराठी आपल्यासारखं बोलत.

मी मान खाली घालून बसले. डॉक्टर म्हणाले, "बाई, माझ्याकडे बघा." परपुरुषाच्या डोळ्यांत इतक्या जवळून बघायचं मला जमेना. शेवटी सिस्टरने माझी हनुवटी धरून वर केली. डॉक्टरांच्या हातात एक थाळी होती, तिच्यावर काळी-पांढरी कडी रंगवलेली, आणि मधल्या भोकातून ते माझ्या बुबुळात बघत होते. बराच वेळ बघितलं. मग मालकांनाही त्या भोकातून बघायला लावलं.

"काय दिसतंय?"

"कडी हायती. पन गोल न्हाईत. खाली वघळल्यात."

"कडी गोलच आहेत. वघळलाय तो डोळा," डॉक्टर म्हणाले. "बुबुळावरची पुढची काच गोल मडक्यासारखी असते. यांची वांग्यासारखी टोकाला येत चालली आहे. जितकी पुढे येते तितकी पातळ होते."

"मग ती फुटंल का?"

डॉक्टरांनी थाळी टेबलावर ठेवली. "शक्यतो नाही," ते म्हणाले. पण ते बोलायच्या आधी जेवढा वेळ गेला, तो मी विसरले नाही.

परतताना नावेत मालक माझ्या शेजारी बसले, एरवी ते पुढे बसायचे. नावाड्याने विचारलं, "काय म्हनला डाक्टर?" मालक म्हणाले, "वांगं." नावाडी हसला आणि मालकही हसले. मी पाण्याकडे बघत होते. मला पाणी दिसत नव्हतं, नुसती चकाकी दिसत होती.

*

दुसऱ्या खेपेला आत्याबाई बरोबर आल्या. त्या दिवशी व्हरांड्यात माझ्यासारख्याच डोळ्यांची बरीच माणसं बोलावली होती. डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं.

"या आजाराला दोन उपाय आहेत. एक जाड चष्मा. दुसरं, बुबुळावर बसवायचं बारीक भिंग. त्यातलं कुठलं जास्त चांगलं, आणि आपल्याकडच्या धुळीत, उन्हात, चुलीच्या धुरात कुठलं टिकतं, हे अजून कोणाला ठाऊक नाही. मलाही नाही. म्हणून निम्म्यांना चष्मा द्यायचा, निम्म्यांना भिंग, आणि काय होतं ते बघत राहायचं. कोणाला काय द्यायचं ते मी ठरवणार नाही. मी ठरवलं तर माझ्या मनासारखं होईल. या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या आहेत. जी निघेल ती."

आत्याबाईंनी कान देऊन ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हंजी कौलच लावला म्हना की, सायेब."

डॉक्टर हसले. "तसंच समजा, आजी."

त्यांनी ते सहज म्हटलं. मागे खूप माणसं उभी होती. पण आमच्या घरात कौल ही सहज गोष्ट नाही. आम्ही पूर्वीचे मेंढरंवाले. माझ्या चुलत सासऱ्यांपर्यंत सगळे कळप घेऊन कोकणात उतरायचे, आणि निघायच्या आधी खंडोबाला कौल लावायचे. देवाच्या दोन्ही अंगांना ओले ज्वारीचे दाणे चिकटवायचे. उजवा पडला तर निघायचं, डावा पडला तर थांबायचं. एकदा कौल दिला की त्यावर बोलायचं नाही, कुरकुर करायची नाही, परत विचारायचं नाही. चुलत सासऱ्यांनी एका साली डावा दाणा पडल्यावरही कळप हाकला. घाट उतरायच्या आधी मेंढरं तोंडाला फेस येऊन बसू लागली. ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर फक्त कुत्री होती. ही गोष्ट आमच्या घरात पोरांना अंगाई म्हणून सांगतात.

माझ्या आधी रूथ नावाच्या मुलीची पाळी आली. ती मिशनच्या आवारातच राहायची आणि मास्तरीण व्हायचं शिक्षण घेत होती. तिला चष्मा निघाला. मग मी डब्यात हात घातला. सिस्टरने घडी उलगडून वाचलं, "भिंग."

आत्याबाईंनी कमरेची पिशवी काढली आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला.

नळावर पाणी प्यायला गेले तेव्हा रूथ माझ्यामागे आली. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला शेतातलं काम. चष्म्यावर भागेल. मला फळ्यावर लिहायचंय, पोरांच्या वह्या तपासायच्यात. चष्म्यानं मला पुरतं दिसत नाही, आधी लावून बघितलाय. चिठ्ठ्या बदलू या का? सिस्टरनं अजून नावं लिहिली नाहीत."

खरं सांगायचं तर मला बदलायची होती. डोळ्यात काहीतरी घालायचं, हे मला नको होतं. पण आत्याबाई मागेच उभ्या होत्या.

"दिल्याला कौल बदलायचा? तुमच्या येशूला चालत आसंल, पोरी."

"त्यालापण नाही चालत, आत्या," रूथ हसून म्हणाली. "मी आपलं विचारून बघितलं."

*

भिंग घालायला शिकायला मला दवाखान्यात ठेवून घेतलं. पहाटे घंटा व्हायची, मग प्रार्थना, मग चहा. गाणं म्हणताना मी नुसती हात जोडून बसायची. कोणी म्हण म्हटलं नाही, कोणी ऊठ म्हटलं नाही.

भिंग म्हणजे बोराच्या सालीएवढी वाकडी, पारदर्शक चकती. ओल्या बोटावर ती घ्यायची, आरसा मांडीवर आडवा ठेवायचा, खाली बघायचं आणि टेकवायची. खाली बघायचं एवढं एक मला येत होतं. सिस्टर म्हणायची, "बाकीच्या बायका वर बघून बघून भिंगं पाडतात. तुमचा लाजरेपणा कामी आला." काढताना एक लहानशी रबरी नळी लावून ओढायची. भिंग डोळ्याच्या मागे गेलं तर मेंदूत जाईल, असं शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने मला सांगितलं होतं. सिस्टरने तिला रागावून सांगितलं की मागे जायला वाटच नाही. तरी भिंग घातलं की मी मान हलवायची नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही भिंगं बसली. डोळ्यांतून पाणी वाहिलं, मग थांबलं. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर लिंबाचं झाड होतं. इतके दिवस ते मला हिरवा ढीग दिसायचं. आता त्याची पानं वेगवेगळी दिसली, पानांचे दातेही दिसले. मी सिस्टरपासून तोंड फिरवून बसले.

दुपारी मालक बानूला घेऊन आले. तिच्या उजव्या भुवईत एक पांढरी रेघ होती.

"ही खून कवा झाली?" मी विचारलं.

मालक म्हणाले, "लई दिस झालं. जात्यावर आपटली व्हती. तूच तर हळद दाबली व्हतीस."

*

घरी आल्यावर आत्याबाईंनी भिंगांची डबी माझ्या हातातून घेतली. लहानशी डबी होती, दोन खळ्यांची, झाकण दाबून बसायचं. सिस्टरने सांगितलं होतं की धुळीपासून लांब, स्वच्छ ठिकाणी ठेवा. आमच्या घरात सगळ्यांत स्वच्छ जागा म्हणजे देव्हारा. रोज सारवलेला, पोरांचा हात न लागणारा. आत्याबाईंनी डबी खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली.

हे त्यांनी माझ्यावरच्या मायेने केलं. त्यांनी दुसरी चूल मागच्या पडवीत मांडली, म्हणजे मला धूर लागू नये. लोकर पिंजायला त्या रानात जाऊ लागल्या. मी पाणी उकळून गार केलं की त्यावर फडकं बांधायच्या. शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनंच्या डोळ्यांत देवानं कौल घातलाय."

आणि दर रविवारी, खंडोबाच्या वारी, पूजा झाली की झाकण उघडून त्या भिंगांवर चिमूटभर भंडारा वाहायच्या.

भंडारा म्हणजे हळदच. पण देवावर वाहिला की तो झटकायचा नसतो, पुसायचा तर नाहीच. मी भिंगं पाण्यातून एकदा काढायची, हलक्या हाताने. हळद एकदा धुऊन जात नाही, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मलाही होतं. पण भिंग दिसायला स्वच्छ दिसायचं, आणि घातलं की बानूचा चेहरा दिसायचा.

आधी दिवस मावळताना डोळ्यांत रेती गेल्यासारखं व्हायचं. मग दुपारीच होऊ लागलं. मग ऊन सोसेना. दिव्याकडे बघितलं की डोळ्यातून कळ निघून कानामागे जायची. सकाळी उजव्या डोळ्याच्या पापण्या चिकटलेल्या असायच्या. मी पदर ओला करून, कोणी उठायच्या आधी, त्या सोडवायची.

तपासणीला गेलं की डॉक्टर विचारायचे, "काही त्रास?"

आत्याबाई शेजारी बसलेल्या असायच्या. मी म्हणायची, "न्हाई."

"टोचतं? पाणी येतं?"

"न्हाई."

तपासणीच्या आधी दोन दिवस मी भिंगं घालायची नाही, म्हणजे लाली उतरायची; दवाखान्यात पोचल्यावरच घालायची. डॉक्टर खूश असायचे. एकदा ते सिस्टरला म्हणाले, "यांच्याइतकं भिंग कोणाला मानवलं नाही." आत्याबाईंनी ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. मला त्या दिवशी फार भीती वाटली. का, ते तेव्हा कळलं नाही.

*

रूथला मात्र दिसलं. दिवाळीनंतरच्या तपासणीला ती व्हरांड्यात भेटली. तिने नाकावर जाड चष्मा लावला होता आणि तरी माझ्या अगदी जवळ येऊन बघत होती.

"वहिनी, भिंगाची कड पिवळी कशानं झाली?"

मी तोंड फिरवलं.

"डोळा सुजलाय तुमचा. डॉक्टरांना दाखवलं का?"

"दाखवायचं न्हाई. कौल हाय."

"कसला कौल? चिठ्ठी होती ती. बिस्किटांच्या डब्यातली. तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी तिचा हात धरला. परक्या माणसाचा हात असा मी कधी धरला नव्हता. "तुला तुझ्या येशूची आन हाय, रूथबाई. सांगायचं न्हाई."

तिने हात सोडवून घेतला. आतून माझं नाव पुकारलं. त्या दिवशी गर्दी फार होती; डॉक्टरांनी वरवर बघून विचारलं, काही त्रास? मी म्हणाले, न्हाई. बाहेर आले तेव्हा रूथ तिथेच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

*

मार्गशीर्षात खंडोबाची षष्ठी आली. आमच्या घरी सगळी भावकी जमली. तळी उचलताना येळकोट करून भंडारा उधळतात, त्या दिवशी घरात पिवळा पाऊस पडतो. मी भिंगं घातली होती, कारण त्या दिवशी न घालणं बरं दिसलं नसतं. मी डोळे मिटून घेतले, पण उघडावे तर लागतातच. भंडारा पापण्यांवर, गालांवर, केसांत होता. पुसता येईना.

सकाळी उजवा डोळा उघडलाच नाही. बोटांनी पापणी ओढली तर आत पांढरं दिसतंय असं मालक म्हणाले. बुबुळावर, मध्यभागी. कळ इतकी होती की मी भिंतीला डोकं टेकून ओणवी बसले.

आत्याबाई मेंढीचं दूध घेऊन आल्या. वाटी त्यांनी माझ्यासमोर धरली. "निभवंल," त्या म्हणत होत्या. "देवानं दिल्यालं हाय. निभवंल."

मालक बैल सोडायला गेले.

"कुठं निगालास? कौलाच्या आडवा जाऊ नगंस. थोरल्यांच्या मेंढरांचं काय झालं इसरलास का?"

"आई," मालक म्हणाले, "कौल तुझा. डोळा तिचा."

मी त्यांना आईसमोर असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं आणि नंतरही कधी ऐकलं नाही. आत्याबाईंनी दुधाची वाटी खाली ठेवली. त्यांनी देव्हाऱ्यातली डबी उचलून पदरात बांधली आणि गाडीत येऊन बसल्या.

नदी मी दोन्ही डोळे बांधून ओलांडली. उजवा उघडत नव्हता आणि डाव्याला उजेड सोसत नव्हता. वल्ह्यांचा आवाज येत होता. नावाड्याने काही विचारलं नाही.

*

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या डोळ्यात थेंब घातले आणि बघितलं. मग त्यांनी भिंगांची डबी मागितली. आत्याबाईंनी गाठ सोडून दिली. डॉक्टरांनी झाकण उघडलं, आत करंगळी फिरवली आणि बोट उजेडात धरलं, असं मला सिस्टरने नंतर सांगितलं. मला फक्त आवाज ऐकू येत होते.

"ही हळद कुठून आली?"

"हळद न्हाई सायेब. भंडारा हाय."

"भिंगांवर? कधीपासून?"

"दर ऐतवारी."

कोणीतरी खुर्ची सरकवली.

"आणि यांना त्रास होत होता?"

मी म्हणाले, "व्हत व्हता."

"मी दरवेळी विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. का?"

माझी जीभ टाळूला चिकटली. आत्याबाईच म्हणाल्या, "कौल दिल्यावर त्येच्यावर बोलायचं नसतं, सायेब. तुमीच म्हनला व्हता, कौल समजा म्हनून."

व्हरांड्यात कोणाची तरी बादली वाजली.

"मी म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "त्या चिठ्ठ्या मी इथंच बसून कापल्या, आजी. घड्या सिस्टरनं घातल्या. देवाचं त्यात काही नव्हतं. कोणाला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते कळावं म्हणून तर हे सगळं मांडलंय. यांचं 'नाही' मी खरं धरलं. त्याच्यावर विसंबून उद्या आणखी कोणाच्या डोळ्यांत भिंगं घातली असती."

आत्याबाई खाली बसल्या, ते मला बांगड्यांच्या आवाजावरून कळलं.

*

पुढचे दिवस माझ्याकडे आवाजांचेच आहेत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पहाटेची घंटा, मग गाणं, मग थेंब. सिस्टर यायची तेव्हा तिच्या चपलांवरून मला कळायचं की आता आग होणार. डोळा वाचेल का, असं मी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. शेजारच्या खाटेवर आता दुसरी म्हातारी होती. तिच्याकडे माणसं यायची ती माझ्या खाटेजवळ आली की आवाज उतरवायची. माणसं कशासाठी आवाज उतरवतात हे मला माहीत होतं.

बानूला आणलं की मी तिच्या भुवईवर बोट फिरवायची. ती रेघ लागली की मला बरं वाटायचं. आत्याबाई दिवसभर खाटेच्या पायथ्याशी बसून असायच्या. मला भरवायच्या. एकदा भाकरी कुस्करताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्या निवडून देवाम्होरं ठेवलं आन् म्याच खडा टाकला." मी त्यांचा हात शोधला, पण तोवर त्यांनी तो मागे घेतला होता.

रूथ रोज संध्याकाळी यायची. पहिल्या दिवशी नुसती बसली. मग म्हणाली, "आण घातली म्हणून मी गप्प बसले, वहिनी. परत कोणाला अशी आण घालू नका."

पट्टी सुटली तेव्हा डाव्या डोळ्याला उजेड दिसला, मग सिस्टरची टोपी दिसली. उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. त्या डोळ्याने आता दिवस आणि रात्र एवढंच कळतं.

भिंग वाईट नव्हतं, हे मला लिहून ठेवायचं आहे. डॉक्टरांचं ते चष्मा का भिंग बघणं संपल्यावर रूथला भिंगं दिली. ती आज शाळेत शिकवते, फळ्यावर सरळ ओळीत लिहिते. माझ्या डाव्या डोळ्यालाही पुढे भिंगच बसवलं. डबी आता मांडणीत असते, बरण्यांच्या मागे, आणि तिला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. डॉक्टर मला म्हणाले होते, एकाला एक सोसतं, दुसऱ्याला दुसरं, आणि ते ज्याचा डोळा त्यालाच आधी कळतं.

*

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बानू कंदिलाजवळ बसून धडा वाचत होती. पुस्तक अगदी नाकाशी धरलं होतं. मधेच मान वर करून ती म्हणाली, "आई, कंदिलाला शेपट्या का असत्यात?"

आत्याबाई लोकर कातत होत्या. त्यांच्या हातातली चाती थांबली.

मी बानूकडे बघितलं, मग देव्हाऱ्याकडे. पाटाखाली कौलाच्या ज्वारीची वाटी असते, तिकडेही नजर गेली. आत्याबाईंनी ते पाहिलं. त्या आता फार थकल्या आहेत, बोलायलाही त्यांना वेळ लागतो.

"दानं काढू नगंस," त्या म्हणाल्या. "बैलं कुठं हायती बघ."

नदी तशीच आहे. नावाडी बदलला. डॉक्टरांच्या कानांवर पांढरे केस आले आहेत. त्यांनी ती काळ्या-पांढऱ्या कड्यांची थाळी काढली आणि बानूच्या डोळ्यात बघितलं. मग थाळी टेबलावर ठेवली. बोलायच्या आधी वेळ गेला. तेवढाच.

आता चिठ्ठ्या नाहीत. बानूला भिंग बसेल का ते बघू, म्हणाले. किती पुढे जाईल, किती लवकर, हे आत्ता सांगता येत नाही, म्हणाले. मी जास्त विचारलं नाही.

सिस्टर नवीन होती. तिने बानूच्या डोळ्यात भिंग टेकवलं आणि थोडा वेळ बसवून ठेवलं. आत्याबाई शेजारी होत्या, मी मागे उभी होते. डॉक्टरांनी खाली वाकून विचारलं, "काय बाळ, टोचतंय का?"

बानूने आजीकडे बघितलं. मग मान खाली घातली.

"न्हाई," ती म्हणाली.

तो आवाज मी ओळखला. मी तिच्या पायांकडे बघितलं. पायाची बोटं फरशीवर घट्ट आखडली होती.

"टोचतंय," मी म्हणाले. माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण बाहेर बसलेल्या बायका आत बघू लागल्या. पदर डोक्यावरून घसरला होता, तो मी सावरला नाही. "ती न्हाई म्हनती ते धरू नका, सायेब. तिला टोचतंय. काढा ते."

बानूने वळून माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड वाकडं झालं.

"लई टोचतंय, आई," ती म्हणाली, आणि मोठ्याने रडायला लागली. डॉक्टरांनी हात धुऊन भिंग काढेपर्यंत ती रडत होती. मी तिला गप्प केलं नाही.